पडद्याआडचा गुडघा

गल्लीच्या वळणावर ईशानीचा डावा गुडघा क्षणभर नाहीसा झाला. दुखला नाही, मुरगळला नाही. नुसता नाहीसा झाला. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाऊल टाकावं आणि खाली पायरीच नसावी, तसं काहीसं. कडेवर अंतरा होती, तेल लावून, टोपडं बांधून, सकाळच्या उन्हाला न्यायला शालीत गुंडाळलेली. ईशानीचा खांदा भिंतीवर आदळला, भिंतीचा गारवा स्वेटरमधून आत शिरला आणि तिचे दोन्ही हात तिला न विचारता मुलीभोवती आवळले गेले. अंतराला हा नवाच खेळ वाटला. ती खिदळली, आणि 'अजून' म्हणायला येत नव्हतं म्हणून तिने टाचा आपटून ते सांगितलं. समोर कढईतल्या कचोड्या परतता परतता दुकानदार ओरडला, "अरे, सँभल के बहूजी!" "कुछ नहीं चाचा, पत्थर हिलता है," ईशानी म्हणाली. दगड हलत नव्हता. ते दगड तिच्या जन्माआधीपासून तिथे होते आणि गाईंच्या खुरांनी, यात्रेकरूंच्या तळव्यांनी झिजून गुळगुळीत झाले तरी एकही जागचा हलला नव्हता. हलली होती ती ईशानी. पण हे कचोडीवाल्याला सांगायची गरज नव्हती, आणि स्वतःला सांगायची तर त्याहून नव्हती. ती भिंतीला धरून धरून संकठा घाटापर्यंत आली नि उन्हाचा एक तुकडा पाहून पायरीवर बसली.

धुकं अजून नदीवर बसून होतं. पलीकडची वाळू दिसत नव्हती. बांधलेल्या नावा तेवढ्या पाण्यावर जराशा पुढे जात, दोर ताणला की थबकत, पुन्हा मागे येत. अंतराला दोन्ही पायांच्या मध्ये उभी करून ईशानीने हाताची मागची बाजू डाव्या गुडघ्यावर ठेवली. तळवा नव्हे, मागची बाजू. ऊब तिथे लवकर कळते. ती रोज विद्यार्थ्यांना हेच शिकवते. मग उजव्या हाताची मूठ वळून पाहिली. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाकडे, कुणी सुतळी आवळावी तसं झालं. गेले काही दिवस सकाळी उठल्यावर बोटं आपली वाटत नव्हती. दुसऱ्याच कुणाचे तरी घट्ट हातमोजे झोपेत आपल्याला चढवून ठेवलेत असं वाटायचं. पाच-दहा वेळा उघडझाप केली की ते निघायचे. थंडी आहे, ती म्हणायची. पूस-माघातली थंडी कुणाला सोडते? पण आता गुडघाही सुजला होता. थोडा, पण होता. आणि मन, जे इतके दिवस दाराआड उभं राहून बाहेरची चाहूल घेत होतं, ते पुढे आलं नि एकच शब्द बोललं: आईचं.

आईचं जेव्हा सुरू झालं तेव्हा ईशानी अंतराएवढीच होती. हे तिला आठवण्यासारखं नव्हतं, पण इतक्यांदा ऐकलं होतं की आठवणीसारखंच झालं होतं. शरदिनीबाई तेव्हा मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. एके सकाळी खडू हातातून पडला. उचलला, पुन्हा पडला. मुली हसल्या, त्याही हसल्या. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बाळंतवात आहे, ओल्या अंगाला हवा लागली. मग ओव्याची धुरी झाली, एरंडाची पानं बांधून झाली, कुणी सांगितलेलं तेल, कुणी दिलेली पुडी. कुणाचंच काही चुकत नव्हतं, सगळे मायेनेच करत होते, आणि तेवढ्या काळात सांध्यांच्या आतलं अस्तर सावकाश, आवाज न करता, हाड खात होतं. त्या दुखण्याला 'रुमॅटॉइड' असं नाव आहे आणि ते वेळेत कळलं तर थोपवता येतं, हे एका डॉक्टराने सांगितलं तोवर बोटं एका बाजूला झुकली होती, नदीकाठच्या वाऱ्यात वाढलेल्या रोपांसारखी. ईशानीला आठवते ती त्यानंतरची आई. लेकीच्या शर्टाची बटणं दातांनी लावणारी. पातेलं मनगटांच्या चिमट्यात धरून उतरवणारी. वेण्या बाबा घालायचे, एक कानाच्या वर, एक कानाच्या खाली, आणि आई बाजूला बसून सूचना द्यायची, "अहो, तिसरी बट कुठे गेली? त्रिशूळ करताय की वेणी?" घरात हसणं पुष्कळ होतं. पण ईशानीच्या अंगाला आईच्या बोटांचा स्पर्श असा ठाऊकच नव्हता. ठाऊक होतं ते मनगट, कोपर, हनुवटी, गाल. पुढे ईशानी फिजिओथेरपी शिकली, इस्पितळात लागली, आणि सांधे तपासण्याच्या संशोधनात शिरली तेव्हा मुलाखतीत कुणी विचारलं होतं, हाच विषय का? ती म्हणाली होती, आवड आहे. आवड! जळलेल्या घरातल्या माणसाला विस्तवाची असते तशी.

आणि आता बाबा नव्हते, आई तिच्याकडेच राहत होती, गल्लीतल्या त्या भाड्याच्या दोन वरच्या खोल्यांत. नवरा, अनिश, मिर्झापूरच्या बँकेत रोज जाऊन-येऊन नोकरी करत होता. आणि ईशानी आईच्या हातांकडे बघायचं टाळायला शिकली होती. शिकली म्हणजे, ते आपोआप जमलं होतं. आईने अंतराला घेतलं की ती जवळ उभी राहायची, काहीतरी शोधतेय असं दाखवत. मुलगी पडेल ही भीती होतीच. पण तिच्याखाली दुसरी एक भीती होती, जिला तोंड नव्हतं. बाळंतपणानंतरच्या वर्षात हा आजार बायकांमध्ये डोकं वर काढतो, हे तिनेच लेखांत वाचलं होतं, तिनेच तरुण डॉक्टरांना सांगितलं होतं, अगदी सपाट आवाजात. आई-मुलीत तो उतरण्याचा संभव किती, तेही. कागदावर ती टक्केवारी केवढीशी दिसते! घाटाच्या पायरीवर, मुलीचा तेलकट गाल गुडघ्याला टेकलेला असताना, ती केवढीशी राहत नाही.

त्या दुपारी अंतरा झोपली तशी ईशानी पलंगाच्या कडेला बसली, पाय वाकवून तळवा टेकला, दोन्ही हातांनी नडगी पकडली आणि आपल्याकडे ओढली. स्वतःच्या पायावर ही तपासणी नीट होत नाही, हेही ती विद्यार्थ्यांना सांगते. तरी ओढली. नडगी पुढे आली. चांगली आली. ईशानीच्या छातीत काहीतरी उजळलं. तुटलंय! आतला अस्थिबंध, मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारा तो दोर, तुटलाय. म्हणून गुडघा दगा देतो, म्हणून सूज. दुखापत आहे, आजार नव्हे. दुखापतीला दिवस असतो, जागा असते, शेवट असतो. ऑपरेशन होतं, कुबड्या येतात, व्यायाम होतो, माणूस पुन्हा जिना चढतो. तिने लगेच दिवसही शोधून काढला: देवदिवाळीच्या गर्दीत शेवाळावर पाय घसरला होता. तेव्हा दुखलं नव्हतं, पण तेव्हा दिव्यांकडे लक्ष होतं. असंही होतं. नडगी पुन्हा ओढून बघितली. देवा, तुटलेलं असू दे. अंतराच्या श्वासाची लय ऐकत, तोंडावर हात ठेवून, ती कितीतरी वेळ हेच मागत बसली, आणि असं काही मागणारी या गावात आपण एकटीच असू याचं तिला हसूही आलं. पण हसू ओसरल्यावर दिसलं की ही गोष्ट तिच्या ओळखीची आहे. प्रत्येक पेशंट आपल्या गुडघ्यासाठी एक कहाणी घेऊन येतो, त्याला सोसेल अशी. म्हणून तर पडदा होता.

तो पडदा म्हणजे इस्पितळातल्या त्यांच्या संशोधनाची सगळी गंमत होती. सुजलेला गुडघा घेऊन माणूस आला, तर तो सांध्याच्या आजाराचा की आतला अस्थिबंध तुटल्याचा, हे नुसत्या हाताने किती खरं ओळखता येतं ते त्यांना पाहायचं होतं. गाझीपूर-बलियाकडच्या गावांतून एमआरआयपर्यंत पोचायला महिने जातात. हात मात्र सगळीकडे असतात. तेव्हा आधी हाताने तपासायचं, मग मशीनने, आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची. पण हाताला डोळे आणि कान बिघडवतात. पेशंट खेळाडूसारखा दिसला की हाताला तुटलेला अस्थिबंध लागतो. म्हातारी कण्हली की संधिवात. म्हणून पेशंट पांढऱ्या पडद्याआड निजायचा, पडद्याच्या फटीतून फक्त पाय बाहेर, पावलांत मोजे, म्हणजे पैंजण-जोडवी-भेगा काही दिसू नये. त्याने बोलायचं नाही. दुखलं तर पलंगाच्या कडेवर बोटाने टकटक करायचं. "तोंड पाहिलं की हात खोटं बोलायला लागतात," असं त्यांच्या प्रमुख, कस्तुरी मॅडम, म्हणायच्या. आणि तपासणाऱ्याला प्रत्येक गुडघ्यात रोग दिसायची खोड लागू नये म्हणून अधूनमधून इस्पितळातलंच कुणी धडधाकट माणूस गुपचूप पडद्याआड निजवायचे. कधी नर्स, कधी चौकीदार. त्यांना सगळे 'नॉर्मल' म्हणत.

ईशानीने ठरवलं, आपण 'नॉर्मल' म्हणून निजायचं. तपासणार होता यज्ञेश. तो पंचगंगा घाटाकडचा, मराठीच, तिच्याहून थोडा मोठा, लहानपणापासून ओळखीचा. त्याला सरळ विचारलं असतं तर तो म्हणाला असता, काही नाही गं, आराम कर. शरदिनीकाकूंची मुलगी म्हणून म्हणाला असता. त्या दयेपेक्षा तिला त्याचे आंधळे हात हवे होते. नोंदणीच्या टेबलावरच्या मोहन भैयांनी चष्म्यावरून तिला खालपासून वर पाहिलं. "आप, मैडम? नॉर्मल में?"

"नॉर्मल में, मोहन भैया."

"लँगड़ा तो रही हैं."

"आप लिखिए ना."

"लिख देते हैं," मोहन भैया उसासून म्हणाले. "हमारा क्या है, इस शहर में तो सब नॉर्मल ही हैं."

पडद्याआडून खोली वेगळीच दिसते, हे तिला माहीतच नव्हतं. म्हणजे दिसत काहीच नाही. वर न फिरणारा पंखा, त्याच्या पात्यावर साचलेली धुळीची काळी कड, आणि कमरेपासून खालचं आपलं शरीर परक्या देशात गेलेलं. यज्ञेश आत आल्याचं त्याच्या हात चोळण्यावरून कळलं; थंडीत तो नेहमी आधी तळवे चोळून ऊन करायचा. "पाहू या, ह्या गुडघ्याची काय कुंडली आहे," तो स्वतःशी मराठीत पुटपुटला. त्याचे वडील घाटावर पत्रिका बघायचे. बाप ग्रह बघतो, मुलगा गुडघे, अशी इस्पितळातली जुनी थट्टा होती आणि ती थट्टा सगळ्यांत जास्त तोच करायचा. मग त्याने तिचा डावा पाय उचलला. "ढीला छोड़िए."

तिने सोडला. निदान तिला तसं वाटलं. "ढीला," तो पुन्हा म्हणाला. मांडीचे स्नायू ताठ असले की आतला दोर तुटलेला असला तरी कळत नाही. घाबरलेला माणूस आपल्याच मांसाने आपली जखम झाकतो. तिला हे सगळं येत होतं. पण पाय ऐकेना. तिने पोटरीला सांगितलं, मांडीला सांगितलं, आणि तेवढ्यात कळलं की जबडासुद्धा आवळलेला आहे. अंतरा झाल्यापासून आपण शरीराचा कुठलाच भाग पूर्ण सोडलेला नाही, असं तिच्या एकदम ध्यानात आलं. झोपेतही एक हात मुलीच्या पोटावर असतो, त्या हाताची एक नस जागी असते. आणि त्याच्याही आधीपासून, कितीतरी आधीपासून, काहीतरी धरून ठेवलंय. आई पडेल म्हणून, आईच्या हातातलं पडेल म्हणून. यज्ञेशने घाई केली नाही. तो पाय हळूहळू हलवत राहिला, पाळण्याला झोका द्यावा तसा. मग अनोळखी माणसाशी बोलावं तितक्याच साध्या आवाजात म्हणाला, "छोड़ दीजिए. मैंने पकड़ रखा है."

आणि पाय सुटला. तिच्या डोळ्यांच्या कडेतून पाणी कानात गेलं. पुसायला हात उचलावा असंही वाटलं नाही. मांडीवर एक हात, नडगीवर एक. एक छोटा हिसका. नडगी पुढे गेली, गेली, आणि दोर ताणल्या नावेसारखी थबकली. "आगे आता है," यज्ञेश वही घेऊन बसलेल्या मोहन भैयांना सांगू लागला, "मगर आख़िर में पक्का रुकता है." पक्का? त्याने आता उजवा पाय घेतला, चांगला पाय, ज्याच्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. पुन्हा हिसका. पुन्हा तेवढंच पुढे, पुन्हा तसंच थबकणं. "दोनों बराबर. लिखिए, लिगामेंट ठीक है. जनम से ही जोड़ थोड़े ढीले हैं, बस."

दुसरा पाय! ईशानीला पंख्याचं पातं क्षणभर फिरल्यासारखं वाटलं. दुखऱ्याची तपासणी दुसऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय तपासणीच नव्हे, हे घसा फोडून सांगणारी ती. आणि त्या दुपारी इतक्यांदा डावी नडगी ओढत बसली, उजव्या गुडघ्याला तिने बोटही लावलं नव्हतं. लावलंच नव्हतं, कारण उत्तर हवं होतं, तपासणी नको होती. म्हणजे तुटलेलं नाही. म्हणजे ऑपरेशन नाही, कुबड्या नाहीत, देवदिवाळी नाही. मग राहिलं काय? ते एकच राहिलं. ते पडद्याच्या अलीकडे, तिच्या उशाशी येऊन बसलं. पांढऱ्या कापडाच्या पलीकडे कुणीतरी तिच्या आयुष्याचं वाक्य उच्चारणार होतं, तेही हिंदीत, तेही तिच्याशी न बोलता, आणि तिला अंतराचा तेलाचा वास इतका स्पष्ट आला की तिने नाक उशीत दाबलं.

तळवा गुडघ्याच्या वाटीच्या वर आला, खाली सरकत दाबत गेला. सांध्यात पाणी असेल तर ते असं ढकलता येतं. बोटं दोन्ही बाजूंच्या खोबणीत फिरली, पुन्हा फिरली. अस्तर जाड झालं असेल तर तिथे कणकेसारखं लागतं. हाताची मागची बाजू टेकली. थांबली. ईशानी प्रत्येक थांबण्याचा अर्थ लावत होती. "अंदर पानी नहीं है," यज्ञेश म्हणाला. "अस्तर मोटा नहीं. गठिया-वठिया कुछ नहीं लगता." संधिवात नाही, हे वाक्य ऐकू आलं, पण आत पोचेना, पोस्टमनने भलत्याच घरात टाकलेल्या पत्रासारखं ते बाहेरच राहिलं. सूज तर आहे! मग त्याचा अंगठा थेट वाटीच्या पुढ्यात, कातडीच्या लगेच खाली टेकला आणि तिचं बोट पलंगाच्या कडेवर आपोआप वाजलं. टक, टक.

"अच्छा!" त्याच्या आवाजात खेळकरपणा आला. "सूजन यहाँ है. जोड़ के बाहर, आगे की थैली में. और जाँघ भी पतली पड़ गई है, इसीलिए पैर धोखा देता होगा. मोहन भैया, कुंडली बाँचूँ?"

"बाँचिए."

"हा माणूस गुडघ्यांवर चालतो," यज्ञेश रंगात आला की मराठीत घसरायचा, मग सावरायचा. "मतलब, घुटनों के बल चलते हैं. पत्थर के फ़र्श पर. रोज़."

"साधू होंगे. कोई मन्नत मानी होगी."

"साधु की खाल मोटी होती है. ये नया शौक़ है." त्याचा अंगठा पुन्हा वाटीवर आला. "इनके घर में एक छोटा बच्चा है. और ये उसका घोड़ा हैं."

पडद्याआडून जो आवाज आला तो नियमात कुठेच बसणारा नव्हता. ते हसणं होतं, की हुंदका, की दोन्ही एकाच वेळी दारातून बाहेर पडायला बघत होते, ईशानीला कळलं नाही. घोडा! रोज संध्याकाळी, कामावरून आल्या आल्या, साडीचा काचा मारून, दगडी फरशीवर, या खोलीतून त्या खोलीत. पाठीवर अंतरा, तिच्या मुठीत आईच्या केसांची शेपटी, आणि "हुर्रर" म्हटलं की तिच्या पोटातून फुटणारं ते हसू, जे ईशानीच्या पाठीच्या कण्यातून थेट छातीत उतरायचं. दिवसातलं सगळ्यांत सुखाचं ते होतं, म्हणून त्याच्यावर संशय घ्यावा असं तिला सुचलंच नाही. तिने सगळीकडे दाबून पाहिलं होतं. खोबणीत, मागे, आत, जिथे जिथे भय होतं तिथे. पुढे दाबलं नव्हतं.

पडदा सरकला. "ईशानी?" यज्ञेशचं तोंड बघण्यासारखं झालं. "तू? नॉर्मलमध्ये?"

"हो."

"अगं, मूर्ख आहेस का? आफत आहे नुसती! विचारायचं नाही का सरळ?"

"तू 'काही नाही' म्हणाला असतास."

"काही नाहीच आहे, तर काय म्हणू?" मग तिचे डोळे पाहून तो स्टूल ओढून बसला आणि हळू म्हणाला, "काकूंचं वाटलं तुला." तिने मान हलवली आणि उजवा हात पुढे केला. त्याने अंगठा तिच्याच मुठीत दडपून मनगट खाली वाकवलं, ती कळवळली, आणि तो मान डोलावत म्हणाला, "बाळंतिणीचं दुखणं. काखेत हात घालून पोरगी उचलतेस ना दिवसभर, अंगठे फाकवून? इथली नस सुजते. दांडगी झालीय म्हणायची अंतरा." त्याच सकाळी त्याने तिला शेजारच्या खोलीत नेऊन हाताचे आणि गुडघ्याचे सांधे सोनोग्राफीत पाहून घेतले. काळ्या-करड्या पडद्यावर तिला तिची हाडं दिसली, त्यांच्या कडा स्वच्छ, रेखीव, कुणी कुरतडलेल्या नव्हत्या. रक्तही घेतलं. ते दुसऱ्या दिवशी आलं तेव्हा त्यातही काही नव्हतं. "म्हणजे होणार नाही ना?" तिने विचारलं. शिकलेल्या माणसाने विचारू नये असा प्रश्न होता. यज्ञेश म्हणाला, "आज नाही. सकाळी उठल्यावर हातात अकडन राहिली तर पुन्हा ये, पुन्हा बघू. त्याच्या पुढचं माझ्या वडिलांना विचार." मोहन भैया दारातून डोकावले. "साहब, मैडम को अब किसमें डालें? नॉर्मल तो रहीं नहीं."

"काट दीजिए भैया. घोड़ों पर हमारा रिसर्च नहीं है."

आज नाही. रिपोर्ट मोबाइलमध्ये घेऊन गल्लीतून परतताना ती हे दोन शब्द चघळत होती, आणि ते पुरत होते. एवढ्याशा शब्दांत इतकी जागा असते? तिला मध्येच थांबून कचोडी घ्यावीशी वाटली, घेतली, उभ्यानेच खाल्ली. आईला सांगायचं नाही, हे मात्र ठरलं होतं. काय सांगणार? की मी घाबरले होते. कशाला, तर तुझ्यासारखी होण्याला? की मी तुझ्यासारखी नाही म्हणून मला इतकं सुटल्यासारखं वाटतंय की गल्लीत उभी राहून कचोडी खाल्ली? सुटकेच्या तळाशी ही एक टोचणी होती, बुटातल्या खड्यासारखी, आणि ती तशीच घेऊन ती जिना चढली.

आई गच्चीच्या दारात उन्हाला बसून मटार सोलत होती. शेंग बोटांच्या पेरांत अडकवून, अंगठ्याच्या बाजूने फोडून. तिची स्वतःची रीत होती. अंतरा ताटलीतला एक एक दाणा उचलून आजीच्या तोंडात घालत होती नि लगेच काढून घेत होती. आईने वर न बघता विचारलं, "काय निघालं?"

"कशात?"

"गुडघ्यात. नि हातात." शेंग फुटली. "न्हाणीचं दार लावून मुठी वळून बघतेस. दार नीट लागत नाही आपलं. माझ्या वेळी मी पदराखाली बघायची, तुझे बाबा विचारतील म्हणून."

ईशानी तिथेच, उंबऱ्यावर बसली. "नाहीये आई. तुझं नाहीये मला." शब्द बाहेर पडले आणि ते परत पकडावेत म्हणून तिचा हात खरंच जरासा उचलला गेला. आईने आणखी एक शेंग फोडली. मग म्हणाली, "माझं-माझं काय करतेस? मी का मागवलं होतं ते? आलं, बसलं." मग श्वास सोडता सोडता, "बरं झालं गं बाई." त्या श्वासासरशी तिचे खांदे खाली आले, आणि ते इतके दिवस वर चढलेले होते हे ईशानीला तेव्हा दिसलं. तिच्याकडे न बघण्यात ईशानीचे किती दिवस गेले होते!

"मग सूज कसली?"

"घोड्याची," ईशानी म्हणाली. "दगडावर गुडघे घासून. पुढची पिशवी सुजलीय. थोडे दिवस घोडा बंद."

आईने तिच्या गुडघ्याकडे बघितलं. मग हसायला लागली. आवाज न करता, सगळं अंग हलवत, मटारांची ताटली मांडीवरून कलंडली नि दाणे गच्चीभर पळाले तरी थांबेना. अंतरा दाण्यांमागे रांगत सुटली. "मला माहीत होतं," आई डोळे मनगटाने पुसत म्हणाली. "म्हणजे माहीत कुठलं, पण देवीला रोज म्हणायची, घोड्यामुळेच असू दे. रोज ठरवायची, आज पोरीला सांगू, दगडावर गुडघे टेकू नकोस, गोधडी तरी घाल. नि तुम्ही दोघी त्या खोलीतून यायच्या, ती केस ओढतेय, तू खिंकाळतेस..." तिने कलंडलेली ताटली सरळ केली. "मला तुझा घोडा होता नाही आलं ना. तुझे बाबा व्हायचे. म्हणून बघत बसायची. आज बघून घेऊ, उद्या सांगू, असं करत करत सुजवला मी तुझा गुडघा."

ईशानी सरकत सरकत आईच्या शेजारी आली, भिंतीला पाठ लावली आणि आईचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. प्रत्येक बोट वेगळं, कुठून वळलं, कुठे थांबलं, ते तिने बघितलं, अगदी नीट, पहिल्यांदाच. आई म्हणाली, "दुखत नाही आता. बघ हवं तेवढं." गच्चीच्या टोकाला अंतरा एक दाणा पकडून परत येत होती, फरशीवर गुडघे आपटत, घाईघाईने. "हिची कातडी बघ," आई म्हणाली, "हिला काही होत नाही." ऊन दोघींच्या पायांवर आलं होतं. ईशानीने पाय लांब सोडले, डोळे मिटले, आणि कोण कुणाला धरून बसलंय याचा विचार न करता तिला तिथेच झोप लागली.